लिव्हर कॅन्सरची सहामाही तपासणी : कुणाची करायची, कशी करायची आणि "नॉर्मल" रिपोर्टात काय वाचायचं (इंदूर)

माळवी_कंदील

गटावर दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, "फॅटी लिव्हर निघालंय, कॅन्सरची टेस्ट कोणती करू?" आणि ज्यांनी खरंच विचारायला हवं ते गप्प असतात, कारण त्यांचं काहीच दुखत नसतं. लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीव नसते, ती वरच्या आवरणाला असते. गाठ आवरणाला ताण देईल एवढी वाढली की मग दुखतं, आणि तोवर बहुतेक वेळा सोपे उपाय हातचे गेलेले असतात. म्हणून हा धागा. मी जठर-यकृत विभागात पेशंटच्या तारखा आणि फाइली सांभाळते, त्या बाजूने लिहिते. सोनोग्राफी, लॅब, सीटीवाल्यांनी आपापलं भर घालावं.

आधी कुणाची करायची ते.

सिरोसिस (लिव्हरमध्ये व्रण साठून ते कडक आणि गाठीगाठींचं होणं) असलेल्या प्रत्येकाची, मग कारण दारू असो, हिपॅटायटिस बी-सी असो, शुगर-वजनातून आलेलं फॅटी लिव्हर असो की ऑटोइम्यून. हिपॅटायटिस बी असेल तर सिरोसिस नसतानाही : आपल्याकडे पुरुष चाळिशीपुढे, बायका पन्नाशीपुढे, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल तर वयाची वाट न बघता डॉक्टरांशी बोलून. हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाला तरी सिरोसिस झालेला असेल तर तपासणी चालूच. इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात. "व्हायरस गेला" म्हटल्यावर फाइल माळ्यावर जाते.

हिशेब असा लावलेला असतो : सिरोसिसमध्ये वर्षाला साधारण १.५ टक्के, आणि सिरोसिस नसलेल्या हिपॅटायटिस बी मध्ये ०.२ टक्के धोका असला की नियमित तपासणी फायद्याची. नुसतं ग्रेड १ फॅटी, लिव्हर मऊ, प्लेटलेट्स चांगल्या, अशा माणसाचा धोका याच्या खूप खाली असतो. त्याने वजन आणि शुगर बघावी, दर सहा महिन्यांनी कॅन्सर शोधत बसू नये.

काय करायचं : सोनोग्राफी आणि एएफपी (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) ही रक्ततपासणी, दर सहा महिन्यांनी. सहाच का? ही गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने घेते. वर्षाने बघितलं तर ती बरीच पुढे गेलेली सापडते. तीन महिन्यांनी बघूनही फायदा वाढत नाही. फ्रान्समध्ये तीन विरुद्ध सहा महिने अशी थेट तुलना झाली, २०११ साली छापली गेली. तीन महिन्यांच्या गटात बारीकसारीक ठिपके जास्त सापडले, उपचाराजोग्या लहान गाठी काही जास्त सापडल्या नाहीत.

गाठ दोन-तीन सेंटीमीटरच्या आत सापडली तर सुई घालून जाळता येते, कापून काढता येते. ट्रान्सप्लांटसाठी १९९६ पासून मिलानचा निकष वापरतात : एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक ३ सेंमीपर्यंत. सहा महिन्यांची सगळी धडपड या आकड्यांच्या आत राहण्यासाठी आहे.

आणखी एक, जे स्पष्ट कुणी सांगत नाही. सिरोसिस फार पुढे गेलेला असेल, म्हणजे चाइल्ड सी (सिरोसिसच्या तीव्रतेच्या ए-बी-सी गटांतला शेवटचा), आणि ट्रान्सप्लांट होण्यासारखं नसेल, तर ही तपासणी करू नये. गाठ सापडून पुढे करता येण्यासारखं काही नसतं आणि पेशंटचे हेलपाटे वाढतात.

---

भिया_छप्पन

मग ते फुल बॉडी पॅकेज? त्यात कॅन्सर मार्कर असतात ना, सीईए, सीए १९-९ वगैरे. एकदाच पैसे, सगळं येतं.

---

नळी_आणि_सुई

भिया, त्या दोन्हींचा या कॅन्सरच्या चाळणीत काही उपयोग नाही. सीए १९-९ तर नुसत्या काविळीतही वाढतं. मग घाबरून स्वादुपिंडाचा सीटी होतो आणि लिव्हर तसंच राहतं. पॅकेजमधल्या साठ-सत्तर टेस्टपैकी इथे कामाच्या तीनच : प्लेटलेट्स आणि लिव्हरची सूज दाखवणारे एसजीओटी, एसजीपीटी. चौथी कामाची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची टेस्ट, ती बहुतेक पॅकेजमध्ये नसतेच.

---

सोनो_काका

माझ्या वाटणीचं लिहितो. थोडं लांबेल.

*पोट रिकामं.* सहा तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, बीपीची गोळी चालते. शुगरवाल्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नये, सोनोग्राफी झाल्यावर खाऊन घ्यावं. सकाळी "थोडेसेच" पोहे-जलेबी खाऊन आलेला माणूस लगेच ओळखू येतो : पित्ताशय आकसलेलं, जठरात हवा, लिव्हरचा डावा भाग (लोब) अर्धा झाकलेला.

*वेळ.* नुसतं "होल ॲब्डोमेन" लिहून आलं तर लिव्हर, किडनी, प्रोस्टेट सगळं मिळून काही मिनिटांत उरकतं. चिठ्ठीवर "सिरोसिस, एचसीसी सर्व्हेलन्स" असं लिहिलेलं हवं (एचसीसी म्हणजे हाच लिव्हरचा कॅन्सर). तेवढ्या तीन शब्दांनी बघणाऱ्याची नजर बदलते. पाठीवर झोपवून एकदा, डाव्या कुशीवर वळवून एकदा, श्वास भरून धरायला लावून बरगड्यांच्या खालून आणि बरगड्यांच्या मधून. सगळ्यात जास्त चुकतो तो घुमट, म्हणजे उजव्या लोबचा छातीला लागून असलेला वरचा भाग, सेगमेंट ७ आणि ८. तिथे फुफ्फुसाची सावली पडते. दुसरी जागा डाव्या लोबचं टोक.

*जाड पोट.* चरबीने भरलेलं लिव्हर आवाज शोषून घेतं, खोलवरचं काळपट होतं. कमी फ्रीक्वेन्सीवर गेलं तर खोलवर दिसतं, पण बारकावा जातो. शेवटी ते दिसलं नाही हे लिहिणं हाच प्रामाणिकपणा. त्यासाठी ली-रॅड्सच्या (लिव्हरचे रिपोर्ट एकसारखे लिहायच्या) पद्धतीत व्हिज्युअलायझेशन स्कोअर आहे : ए म्हणजे नीट दिसलं, बी म्हणजे काही भाग अडला, सी म्हणजे इतकं अपुरं की गाठ असून सुटू शकते. रिपोर्टात नुसतं "नो फोकल लीजन" असेल तर विचारा, स्कोअर किती? सी स्कोअरचं नॉर्मल म्हणजे खिडकीवर पडदा असताना "बाहेर कुणी नाही" म्हणण्यासारखं.

*सापडलं तर.* १० मिलीमीटरच्या आतला ठिपका : तीन ते सहा महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी, लगेच सीटी नको. १० मिमी किंवा मोठा, किंवा पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यातून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत) नवीन गुठळी : थेट कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन फोटो उजळवणारा) सीटी किंवा एमआरआय. "हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) असावा" हे वाक्य सिरोसिसच्या लिव्हरमध्ये नुसत्या सोनोग्राफीवर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत. निरोगी माणसात ठीक आहे. सिरोसिसमध्ये नवीन पांढरा ठिपका हा सिद्ध होईपर्यंत संशयितच.

---

रामबाग_ताई

काका, स्कोअर सी आला तर पुढे काय? पुन्हा सोनोग्राफीच?

---

सोनो_काका

ताई, एकदा दुसऱ्या हाताने करून बघायला हरकत नाही. गॅसमुळे सी आला असेल तर सुधारतो. पण चरबीमुळे किंवा आकसलेल्या गाठीगाठींच्या लिव्हरमुळे आला असेल तर पुढच्या वेळीही सीच येणार. अशा वेळी लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलून एमआरआय. काही ठिकाणी छोटा, मोजक्याच सीक्वेन्सचा एमआरआय करतात, तोही चालतो. दर सहा महिन्यांनी सीटी मात्र मी सुचवणार नाही, रेडिएशन आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही साठत जातं.

---

नळी_आणि_सुई

आता एएफपी. उपाशी राहायची गरज नाही. भानगडी तीन आहेत.

पहिली, एकक. काही लॅब नॅनोग्राम प्रति मिली छापतात, काही आययू प्रति मिली. १ आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्राम. आपण जो २० चा आकडा पाठ करतो तो नॅनोग्रामचा, आययूत तो साडेसोळाच्या आसपास. राजवाड्याजवळच्या एका लॅबमधून एकदा आणि विजयनगरच्या दुसऱ्या लॅबमधून पुढच्या वेळी केलं, एकीकडे १६, दुसरीकडे १९.४, आणि घरात रडारड. आकडा तोच आहे. लॅब बदलू नका, बदललीच तर एकक बघा.

दुसरी, ठळक अक्षरातला "हाय". लॅबची स्वतःची मर्यादा ७, ८ किंवा १० अशी असते, त्यामुळे ९.५ ला बाण लागतो. इथे बाणाकडे बघायचं नाही, ओळीकडे बघायचं. ६, मग ११, मग १८, हे तिन्ही २० च्या खाली असूनही मला ते एका वेळच्या २४ पेक्षा जास्त खुपतं. २० किंवा वर गेलं, किंवा असं चढत राहिलं, तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी कॉन्ट्रास्टचा सीटी किंवा एमआरआय.

तिसरी, खोटे आकडे. हिपॅटायटिस भडकला, एसजीपीटी चारशे-पाचशे झाला, की एएफपी उगाच वाढतं आणि एसजीपीटी बरोबर उतरतं. गरोदरपणात वाढतंच. उलट, केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या काही मशीनवर एएफपी खोटं कमी दाखवतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबला सांगा. हे कुणी विचारत नाही, कारण पेशंटच्या लेखी ते औषधच नसतं.

---

देवास_नाका

एएफपी लागतंच का पण? बऱ्याच कॅन्सरमध्ये ते वाढतच नाही म्हणतात. मग नुसती सोनोग्राफी का नको?

---

माळवी_कंदील

वाढत नाही हे खरंय. म्हणून एकटं एएफपी करू नये. पण सोनोग्राफीही एकटी लंगडीच. सिरोसिसच्या पेशंटमधले सगळे अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो हिशेब आला त्यात लवकरच्या टप्प्यातली गाठ नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्के पकडली गेली, एएफपी जोडल्यावर ६३ टक्के. अमेरिकेच्या लिव्हर संघटनेने २०१८ मध्ये "एएफपीसह किंवा शिवाय" असं म्हटलं होतं, २०२३ मध्ये दोन्ही एकत्र करा म्हटलं. शांघायमध्ये हिपॅटायटिस बी च्या १८,८१६ लोकांवर जो प्रयोग झाला, २००४ मध्ये छापला, त्यातही दोन्ही दर सहा महिन्यांनी होतं. मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्क्यांहून कमी झालेल्या असताना.

---

देवास_नाका

६३ म्हणजे तरीही शंभरातले ३७ सुटतात.

---

माळवी_कंदील

त्या वेळी सुटतात. पुढच्या सहा महिन्यांत त्यातले बरेच सापडतात, तारीख पाळली तर. देवासवरून एकदा येऊन "क्लिअर" रिपोर्ट घेऊन गेलेला माणूस दोन वर्षांनी येतो तेव्हा सोनोग्राफीला दोष देऊन उपयोग नाही.

---

रामबाग_ताई

सिरोसिस आहे की नाही हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. दारूचा थेंब नाही, पंधरा वर्षं शुगर, वजन जास्त, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी. अशा माणसाने सुरुवात कुठून करायची?

---

नळी_आणि_सुई

ताई, फिब-४ पासून, म्हणजे साध्या रक्ततपासणीवरून लिव्हरमधल्या व्रणांचा (फायब्रोसिसचा) अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. आपल्या रिपोर्टात प्लेटलेट्स लाखात असतात आणि सूत्राला हजारात हव्यात, इथेच लोक आपटतात. १.१८ लाख असेल तर ११८ टाकायचं. १.१८ टाकलं तर स्कोअर शंभरपट फुगतो, १,१८,००० टाकलं तर शून्यावर येतो.

उदाहरण : वय ५४, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४८, प्लेटलेट्स १.१८ लाख.
वर ५४ × ६२ = ३३४८.
खाली ११८ × ६.९३ = सुमारे ८१८.
उत्तर ४.१.

१.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस जवळपास नाही. वय ६५ च्या वर असेल तर ही खालची रेघ २.० धरतात. २.६७ च्या वर गेलं की लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधल्यांनी फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजणारी तपासणी). वरच्या माणसाचे एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही शंभराच्या आत आहेत, म्हणून त्याला वर्षानुवर्षं "लिव्हर थोडं सुजलंय" एवढंच सांगितलं जातं. एसजीओटी एसजीपीटीच्या वर गेलाय आणि प्लेटलेट्स उतरल्यात, ही जोडी डोळ्यांत भरायला हवी.

दोन सावधगिऱ्या. पावसाळ्यात डेंग्यू-तापाच्या दिवसांतल्या रक्तावर फिब-४ काढू नका : प्लेटलेट्स पडलेल्या, एसजीओटी चढलेला, भलताच स्कोअर येतो. बरं झाल्यावर महिन्याभराने. आणि काहींच्या प्लेटलेट्स जांभळ्या टोपीच्या नळीत एकमेकींना चिकटतात, मशीन कमी मोजतं. काचपट्टीवर गुच्छ दिसले तर निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत पुन्हा घेऊन येणारा आकडा १.१ ने गुणायचा.

---

माळवी_कंदील

फायब्रोस्कॅनबद्दल जोडते. तीन तास पोट रिकामं, दहा रीडिंग, आणि रिपोर्टात आयक्यूआर भागिले मीडियन (रीडिंग एकमेकांपासून किती विखुरलेली आहेत ते) ३० टक्क्यांच्या आत. जाड माणसाला एक्सएल प्रोब. १० किलोपास्कलच्या खाली असेल तर सहसा निवांत, १५ च्या वर गेलं तर सिरोसिसच्या वाटेवरचं समजून तपासणी सुरू. एसजीपीटी भडकलेला असताना, हृदय कमजोर असताना किंवा जेवून आल्यावर रीडिंग खोटं वाढतं.

---

कन्सोल_मागून

सीटी मी करतो, तर एकच गोष्ट जोर देऊन सांगतो. चिठ्ठीवर "सीईसीटी ॲब्डोमेन" (पोटाचा साधा कॉन्ट्रास्ट सीटी) नको, "ट्रायफेजिक लिव्हर" हवं, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर तीन ठरलेल्या वेळी (फेजमध्ये) घेतलेले फोटो. साध्या सीईसीटीत बहुतेक ठिकाणी एकच पोर्टल फेज घेतात. ही गाठ धमनीच्या रक्तावर जगते, म्हणून धमनीच्या फेजमध्ये उजळते आणि नंतर आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. एकाच फेजमध्ये ती लिव्हरच्याच रंगाची दिसू शकते, आणि रिपोर्ट येतो नॉर्मल.

कोपराच्या शिरेत १८ गेजची कॅन्युला, कॉन्ट्रास्ट किलोमागे साधारण दीड मिली, म्हणजे ६० किलोला ९० मिली, सेकंदाला ४ मिलीच्या वेगाने. उशिराचा धमनी फेज ३५ ते ४० सेकंदांना, पोर्टल ७० च्या आसपास, डिलेड तीन ते पाच मिनिटांनी. हाताच्या पाठीवर २२ गेजची निळी सुई लावून पाठवलं तर एवढा वेग मिळत नाही. धमनी फेज घाईत घेतला की नाही हे फिल्मवरच कळतं : पोर्टल व्हेन थोडी उजळलेली आणि हिपॅटिक व्हेन अजून काळ्या, असं दिसलं तर वेळ बरोबर. पोर्टल व्हेनही काळीच असेल तर घाई झाली.

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनीचं काम दाखवणाऱ्या तपासण्या) आधी. सिरोसिसवाल्यांचे स्नायू गळालेले असतात, म्हणून १.० चं क्रिएटिनिन बघून निर्धास्त होऊ नका.

---

सोनो_काका

याला जोडून. सिरोसिसमध्ये १० मिमीच्या वरची गाठ असं उजळणं आणि नंतर काळं पडणं नीट दाखवत असेल तर बायोप्सीशिवाय निदान धरतात. हाताला लागलेली गाठ "तुकडा काढून बघू" असं सगळीकडे चालतं, इथे घाई नको. सुईच्या वाटेने पेशी पसरायचा थोडा पण खरा धोका असतो. मात्र हा नियम सिरोसिस आणि जुन्या हिपॅटायटिस बी पुरताच. बड-चिआरीसारख्या रक्तवाहिन्यांच्या आजारातून आलेल्या सिरोसिसला तो लागू नाही, तिथे साध्या गाठीही उजळतात.

---

सियागंज_मेडिकल

काउंटरवरून दोन गोष्टी. हिपॅटायटिस बी ची टेनोफोविर किंवा एन्टेकाविर चालू आहे म्हणून तपासणी बंद करू नका. औषधाने धोका कमी होतो, संपत नाही. एन्टेकाविर ०.५ मिग्रॅ रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी-नंतर दोन-दोन तास सोडून. आणि स्ट्रिप संपली म्हणून पंधरा दिवस थांबायचं नाही, अचानक बंद केलं की व्हायरस उसळतो.

धोका किती उरला हे बघायला पेज-बी स्कोअर आहे. वय, लिंग, प्लेटलेट्स, बस. ४५ वर्षांचा पुरुष, प्लेटलेट्स १.६ लाख : ४ + ६ + ६ = १६. नऊपर्यंत कमी, १० ते १७ मध्यम, १८ पासून जास्त. तो युरोपातल्या औषध चालू असलेल्या लोकांवर बेतलाय, म्हणून वरच्या चाळीस-पन्नासच्या नियमाला तो सोबत धरावा, त्याच्या जागी नाही.

---

भिया_छप्पन

आमच्याकडे याला "काला पीलिया" म्हणतात आणि घरात लपवून ठेवतात. बाकीच्यांची तपासणी कशी करायची मग?

---

माळवी_कंदील

भिया, तीच तर गोम आहे. आईला बी असेल तर सगळ्या मुलांची, आणि नवरा-बायकोपैकी एकाला असेल तर दुसऱ्याची एचबीएसएजी एकदा करायची. निगेटिव्ह असेल तर लस : ०, १ आणि ६ महिने. नवजात बाळाला २४ तासांच्या आत. बी-सी च्या तपासण्या आणि औषधं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत मिळतात, २८ जुलै २०१८ पासून. सरकारी दवाखान्यात "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठंय" असं विचारायचं, "पीलियाची ओपीडी" विचारलं तर मेडिसिनच्या रांगेत उभं करतात.

एकत्र ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. वस्तरा, टूथब्रश, ग्लुकोमीटरची सुई वेगळी ठेवा.

---

रामबाग_ताई

तारीख लक्षात ठेवायला सोपं : गुढीपाडवा आणि दसरा. बरोबर सहा महिने.

---

नळी_आणि_सुई

कल्पना छान, पण अधिक महिना आला की बिघडते. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला आणि दसरा २४ ऑक्टोबरला, म्हणजे सात महिने झाले. इंग्रजी तारीखच धरा, १ जून आणि १ डिसेंबर असं काहीतरी.

---

माळवी_कंदील

मी फाइलच्या आतल्या बाजूला एका कागदावर सहा रकाने आखून देते : तारीख, सोनोग्राफीत काय, स्कोअर ए-बी-सी, एएफपी एककासकट, लॅबचं नाव, पुढची तारीख. सीटी झाला तर फिल्मबरोबर सीडीही ठेवायची. पुढच्या वेळी ती सोनोग्राफीवाल्याच्या हातात द्यायची, नुसता रिपोर्ट नाही. जुना ठिपका ८ मिमी होता की ११, हे सीडी बघितल्याशिवाय ठरत नाही.

---

सोनो_काका

सीडी आणताना ती घरच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा. दहातल्या दोन-तीन कोऱ्या निघतात.